उतारावरचे चर

आसरखेड,
९ फेब्रुवारी २०२५

ती. नरेंद्रमामा,

सप्रेम जय भीम.

परवा मामींनी फोन तुमच्या कानाला लावला, पण तुम्ही "कोण? कोण बोलते?" एवढंच विचारत राहिलात. शेवटी मामी म्हणाल्या, चिट्ठीच टाक बाई, चष्मा लावून वाचत बसतात, तेवढाच जीव रमते. म्हणून लिहायला बसले. पाय कसा आहे? अकोल्याच्या डॉक्टरांनी खुब्यात घातलेला रॉड नीट बसला का? जन्मभर डोंगर चढलात आणि पडलात कुठं, तर न्हाणीत.

इथं नगरपंचायतीत स्वच्छता निरीक्षक म्हणून मला दुसरं वर्ष लागलं. गावातून घंटागाड्या नीट फिरतात, त्याबद्दल लोक बरं बोलतात. पण माझी झोप उडवली आहे कचरा डेपोनं. गावाबाहेर नाल्याच्या काठाला आहे. दुमजली घराहून उंच टेकडीच झाली आहे आता. मागं कोणीतरी त्यावर मुरूम-माती पसरवून ठेवली होती. पावसानं त्या मातीला घळी पाडल्या, काही ठिकाणी माणूस आत उभा राहील अशा. माती वाहते, तिच्या मागं कचरा वाहतो, नाल्यात आणि नाल्यातून खालच्या शेतांत जातो. एका शेतकऱ्याच्या विहिरीचं पाणी काळं झालं. त्यानं प्रदूषण मंडळाकडं अर्ज केला. मंडळाची नोटीस आली आहे की उताराची धूप थांबवा, एप्रिलमध्ये तपासणीला येतो.

पायथ्याला भिंत मंजूर आहे असं मुख्याधिकारी साहेब म्हणतात, पण ती कागदाबाहेर येत नाही. मला म्हणाले, तोवर कमी खर्चात काहीतरी करा, डोळ्याला दिसलं पाहिजे. मी काय करू? मृदसंधारणात तुमचं आयुष्य गेलं. मालेगाव तालुक्यातले उघडे डोंगर तुम्ही हिरवे केलेले मी लहानपणी पाहिले आहेत. उताराचं चित्र काढून सोबत पाठवते.

एक सांगायचं राहिलं. पायथ्याशी हिरीबाई नावाची म्हातारी झोपडी करून राहते, सून राखी आणि ती, दोघी भंगार वेचतात. मी किन्हीराजा गावची भाची म्हटल्यावर विचारते, "चरवाल्या नरेंद्र सायबाची का? म्या खंदले ना त्याच्या हाताखाली, दुष्काळात!" तेव्हापासून मला तिच्याकडचा चहा प्यायल्याशिवाय सुटका नाही.

तुमची,
रत्नमाला

---

किन्हीराजा,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. रत्नमाला,

जय भीम. तुही चिट्ठी भेटली. खाली ठेवली अन् पुन्हा उचलली, असं दिवसभर चाललं. रिटायर झाल्यावर मले कामाचं विचारणारं कोणी नाही राह्यलं. संघदीप पोरगा चांगला हाय, पण तो माह्या औषधाचं विचारते, मातीचं नाही.

पाय बरा हाय. काठी घेऊन अंगणात चकरा मारतो. तुही मामी उगाच बाऊ करते.

आता कामाचं. घळी पडल्या म्हणजे पाण्याले वरून खाली धावाले वाट भेटली. आमच्या खात्यात म्हणत, धावत्या पाण्याले चालाले लाव, चालत्याले थांबव, अन् थांबलं की मुरव. तुह्या चित्रातल्या उतारावर आडवे चर घे, एकाखाली एक. चर एका पातळीत पायजे. पाणी भरलेली नळी घेऊन दोन्ही टोकांची पातळी जुळव, अंदाजानं करू नको. एका जागी जरी खोलगट राह्यला तर पाणी तिथंच गोळा होते अन् चर फुटते. निघालेली माती खालच्या अंगाले रच, तिच्यावर गवताचे ठोंब लाव. घळींच्या तोंडाशी दगड भर. एवढं केलं की एका पावसाळ्यात धूप थांबते. मी असे किती डोंगर केले हायेत.

हिरीबाई मले आठवते. टिकाव मारण्यात गड्याले हार जात नव्हती. चराच्या लायनीत जराशी चूक झाली की मलेच बोलत होती. तिले कामावर घे.

मी स्वतः येऊन पाह्यलं असतं, पण डॉक्टर अजून प्रवासाले नाही म्हणते. महिन्याभरानं येतोच.

तुहा मामा,
नरेंद्र

---

आसरखेड,
२० मार्च २०२५

ती. मामा,

जय भीम. काम झालं. तुम्ही सांगितलं तसंच.

साहेबांनी सफाई कामगारांपैकी थोडे दिले, बाकी हिरीबाईनं आणि राखीनं केलं. हिरीबाईनं पदर खोचला, नळी हातात घेतली आणि सगळ्यांना कामाला लावलं. मी शिकलेली बाई तिच्या मागं मागं फिरत होते. रोज एकदा तरी म्हणायची, "सायबानं पाह्यलं पायजे व्हतं." पश्चिमेच्या उतारावर आणि पूर्वेच्या उतारावर दोन्हीकडं चर घेतले. दुरून पाहिलं तर कोणी फणी फिरवल्यासारखा उतार दिसतो. गवत नाल्याकाठचंच आणून लावलं. टँकरनं पाणी देतो.

खोदताना त्रास झाला. मुरूम हातभरच आहे, खाली टिकाव प्लास्टिकात आणि चिंध्यांत अडकतो, आणि चरातून गरम वाफ येते. वास तर विचारूच नका. पण साहेब खूश आहेत, फोटो काढून वर पाठवले.

तुमचा पाय कसा आहे? तपासणीच्या दिवशी तुम्ही इथं असता तर मला धीर आला असता.

रत्नमाला

---

किन्हीराजा,
२८ मार्च २०२५

चि. रत्नमाला,

जय भीम. वाचून छाती भरून आली. तुह्या आईले सांगाले ती पायजे होती.

प्लास्टिक लागलं तर उपटून फेका. वरून टाकलेला कचरा हाय, खाली कडक लागेपर्यंत जा. वाफेचं म्हणशील तर कुजलेल्या खतातून निघतेच, आपल्या उकिरड्यातून नाही का निघत?

भीमजयंती झाली की येतो. हिरीबाईले सांग, साहेब येऊन लायनी तपासणार हाय.

मामा

---

आसरखेड,
१८ एप्रिल २०२५

ती. मामा,

जय भीम. तपासणी झाली.

मंडळाकडून ठोंबरे मॅडम आल्या होत्या. माझ्याहून वयानं लहान. साहेबांनी ऑफिसात नाश्ता मांडला होता, तो तसाच ठेवून सरळ डेपोवर गेल्या आणि उतारावर चढल्या. प्रत्येक चराशी थांबल्या. गवताला हात लावून पाहिला. म्हणाल्या, हे काम कोणीतरी मनापासून केलं आहे. हिरीबाई लांबून पाहत होती, तिला मी नंतर सांगितलं, तर लाजली.

मॅडमनी काही सूचना केल्या आहेत. त्या पत्रात नीट सांगता यायच्या नाहीत. तुम्ही आलात की जागेवरच दाखवते, मग ठरवू. जयंती होऊन गेली, मी रोज वाट पाहते. पावसाच्या आधी या म्हणजे झालं.

रत्नमाला

---

किन्हीराजा,
११ मे २०२५

चि. रत्नमाला,

जय भीम. उन्हानं जीव नको करून सोडला. दुपारी अंगणातही पाय ठेववत नाही, मंग बसमधी कसा बसू? पाय तसा ठणठणीत हाय.

मॅडमच्या सूचनांचं मनावर घेऊ नको. आमच्या वेळीही नवे नवे साहेब येत, चराची खोली मोजत, वहीत लिहीत अन् जात. डोंगर त्याहिले ओळखत नाही. काय म्हणते ते मी आलो म्हणजे पाहू. पावसाच्या आदी नक्की.

मामा

---

आसरखेड,
१३ जून २०२५

ती. मामा,

जय भीम. तुम्ही आला नाहीत. दोन मोठे पाऊस होऊन गेले.

घळी नव्यानं पडल्या नाहीत, माती वाहिली नाही. पण चर काठोकाठ भरतात, पाणी दोन दोन दिवस हलत नाही आणि मग एकदम आत जातं. पायथ्याशी काळं पाणी झिरपायला लागलं आहे. हिरीबाईच्या झोपडीची मागची बाजू ओली झाली, तिनं चूल पुढं सरकवली. मामा, हे असंच असतं का? तुम्ही एकदा डोळ्यांनी पाहाच. ओळखीच्या माणसाची गाडी आहे, ती किन्हीराजाला पाठवू का? दारातून दारात आणीन, चालावं लागणार नाही.

रत्नमाला

---

किन्हीराजा,
१९ जून २०२५

चि. रत्नमाला,

जय भीम. चर भरले हे वाचून मले लय बरं वाटलं. भरलेल्या चरासारखं सुख नाही पोरी. पाणी उभं राहणारच, त्यासाठीच तर खंदले. पायथ्याले झिरपा लागला म्हणजे वर मुरून राह्यलं. आमी पहिला झिरपा पाह्यला की गावात पेढे वाटत होतो.

काळं पाणी हाय ते कचऱ्यामुळं. हळूहळू निवळ होईन.

गाडी पाठवू नको. रस्ता खराब हाय, धक्के बसतात. पुढच्या महिन्यात मीच येतो.

मामा

---

आसरखेड,
४ जुलै २०२५

ती. मामा,

काल दुपारी डेपोचा पश्चिमेचा उतार खाली आला. हिरीबाई झोपडीत होती. राखी आठवडी बाजारात गेली होती म्हणून वाचली. हिरीबाईला बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली. ती गेली.

पाऊस फार होता. जेसीबीवाल्यानं मागं पायथा कोरला होता आणि भिंत तर झालीच नाही. त्यामुळं झालं असं इथं सगळे म्हणतात. चौकशी लागली आहे.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आता येऊ नका.

रत्नमाला

---

किन्हीराजा,
१० जुलै २०२५

चि. रत्नमाला,

जय भीम. काय लिहू? हिरीबाईचा चेहरा डोळ्यापुढून हालत नाही. तू धीर धर. राखीले एकटी सोडू नको.

पण मले काही विचाराचं हाय. भेग कुठून सुटली? पायथ्याकडून वर गेली, का वरच्या चरापासून खाली आली? पायथा कोरल्यानं पडलं असंन तर आधी खालचं अंग निसटते. चर फुटून पाणी वाहिलं, का चरासकट उतार एकदम बसला? अन् खंदताना हातभर मुरमाच्या खाली तुले कुठं माती नाहीतर दगड लागला का? एका तरी जागी?

मॅडमनं काय सूचना केल्या होत्या?

मले खरं लिही.

मामा

---

किन्हीराजा,
२५ जुलै २०२५

रत्नमालास तुझ्या मामीचा जय भीम.

मले लिहाची सवय नाही, संघदीपनं चुका सुधरवल्या. तू काहून लिहीत नाही? तुहे मामा रोज पोस्टमनची वाट पाहून राह्यले. जेवत नाही. तुहं उताराचं चित्र, जुन्या चिठ्ठ्या छातीवर पसरून पडले राहतात.

एक गोष्ट सांगते, त्याहिले कळलं तर मले बोलतीन. जानेवारीपासून ते खाटेवरच हायेत. अंगणात चकरा नाही अन् काठी नाही. उठून बसवाले मी अन् संघदीप लागतो. डॉक्टरनं मार्चमधीच सांगतलं होतं, हा पाय आता उभा नाही होत. तुले खोटं लिहीत होते, अन् पाकीट मी चिकटवत होती. मी म्हणलं, पोरीले खरं सांगा. तर म्हणे, तिच्या डोक्याले आधीच ताप हाय, अन् ती मले कामाचं विचारते, खाटेवरच्या माणसाले कोण विचारते?

तू त्याहिची वाट पाहू नको बाई. ते कधीच येणार नव्हते. जे असंन ते लिही. त्याहिले समजलंच हाय, फक्त तुह्याकडून पायजे.

बेबीमामी

---

आसरखेड,
२ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

मामींचं पत्र आलं. त्यांना रागावू नका.

तुम्ही विचारलं त्याची उत्तरं देते. भेग वरच्या चरातून सुटली. आदल्या दिवशी मी पाहिली होती, चराच्या लांबीइतकी, हात जाईल एवढी. चर फुटला नाही. चरासकट सगळा उतार एकदम बसला आणि चिखलासारखा खाली गेला. मुरमाखाली माती लागली नाही, दगड लागला नाही, कुठंच नाही. ती टेकडी नाही मामा. ती वरपासून खालपर्यंत कचराच आहे.

ठोंबरे मॅडम एप्रिलमध्ये उतारावर उभ्या राहून साहेबांना आणि मला म्हणाल्या, "इथं पाणी अडवायचं नाही, बाहेर काढायचं. आत गेलं तर हा ढीग जड होऊन बसेल. पावसाआधी सगळे चर बुजवा, मुरूम दाबा, कडेनं गटार काढा आणि खालची झोपडी हलवा." स्पष्ट म्हणाल्या. नंतर लेखी पण आलं. साहेब मला म्हणाले, आत्ता खोदले आणि आत्ताच बुजवायचे तर लोक काय म्हणतील, भिंत होतेच आहे, थांबा. आणि मी थांबले. साहेबांच्या भीतीनं थांबले असं म्हणू शकते, पण ते अर्धंच खरं होईल. मला वाटलं, तुमचे चर चुकीचे कसे असतील? त्या पोरीनं डोंगर पाहिले तरी आहेत का? आणि तुम्ही घरात अडकलेले, एवढ्या हौसेनं सांगितलेलं काम, ते पत्रात कसं लिहू की बुजवायला सांगितलं आहे? म्हटलं मामा येतील, स्वतः पाहतील आणि स्वतःच म्हणतील, बुजव. मग कोणालाच लागणार नाही. महिन्यामागून महिना तुमची वाट पाहिली.

भेग पाहिल्यावर मी हिरीबाईकडं गेले होते. म्हटलं, थोडे दिवस शाळेच्या खोलीत राहायला चला. तर म्हणाली, "काहून? सायबाचे चर हायेत ना वर." भाकरी थापत होती, हसून म्हणाली. मी तिला सांगायला पाहिजे होतं की ते चरच नडणार आहेत. नाही सांगता आलं. तिनं एवढ्या जिवानं खोदले होते. मी म्हटलं, बरं, उद्या पुन्हा येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघतच होते.

रत्नमाला

---

किन्हीराजा,
१० ऑगस्ट २०२५

रत्नमाला,

तुही चिट्ठी मी संघदीपले वाचू दिली नाही.

तू टेकडी लिहिलं अन् मी टेकडी वाचली. प्लास्टिक लिहिलं, वाफ लिहिली, काळं पाणी लिहिलं, तरी मले टेकडीच दिसत होती. तिथं उभा राह्यलो असतो तर पायाखालीच कळलं असतं. मातीवर चाललेला माणूस हाय मी. पण मी खाटेवरून अंगणात चकरा मारत होतो. तू झिरपा लागला म्हणून घाबरून विचारलं, अन् मी पेढ्याची गोष्ट लिहिली. ते वाक्य मले आता झोपू देत नाही.

पण मले तुहाही राग आला हाय, अन् तो मी लपवणार नाही. मी काय काचेचा होतो? तीस वर्ष नोकरीत किती चर माहे फुटले, किती बांध वाहून गेले, वरचे साहेब भर लोकांत बोलले. ऐकून घेतलं, पुन्हा केले. एका ओळीत लिहिलं असतं, 'मामा, मॅडम बुजवा म्हणते', तर मी त्याच दिवशी लिहिलं असतं, बुजव. मले वाईट वाटलं असतं, दोन दिवस तोंड फिरवून पडलो असतो, मंग मामीनं उठवलं असतं. तू मले जपत बसली, मी तुले जपत बसलो, अन् मधात हिरीबाई होती.

चौकशी अधिकाऱ्याले मी आज रजिस्टर पोस्टानं लिहून पाठवलं हाय. चर माह्या सांगण्यावरून घेतले, जागा न पाहता सांगतलं, रत्नमालाची त्यात चूक नाही. सही करून पाठवलं. तुह्यावरचं वझं कमी होईन.

पूर्वेच्या उतारावरचे चर अजून तसेच असतीन. त्याहिचं लवकर कर. कसं करावं ते मी सांगत नाही. त्या मॅडमले विचार, ती म्हणीन तसं कर. माह्या मनात काही आलं तरी तुले लिहिणार नाही.

मामा

---

आसरखेड,
२२ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

जय भीम. उशिरा लिहितेय. खरं सांगायचं तर बरेच दिवस तुमच्यावर राग होता.

तुमचं पत्र चौकशीत वाचलं गेलं. मी समोरच बसले होते. वाचणं चालू असताना साहेबांचा चेहरा मोकळा होत गेला. अहवालात आता असं आलं आहे की स्वच्छता निरीक्षकानं नातेवाइकाच्या अनधिकृत सल्ल्यानं चर खोदले, मंडळाच्या सूचना डावलल्या. भिंतीबद्दल एवढंच आहे की काम प्रक्रियेत आहे. पायथा कोणी कोरला, सूचना कोणी दाबून ठेवल्या, झोपडी हलवायला सांगूनही कोणी का हलवली नाही, हे कुठंच नाही. तुमच्या कागदावर सगळं बसलं, मग कोणाला पुढं शोधायची गरज उरली नाही. मी निलंबित आहे. साहेबांची बदली झाली, मोठ्या गावी.

तुम्ही खोटं काही लिहिलं नव्हतं, हे मला समजतं. म्हणूनच राग कोणावर काढावा ते कळेना.

पूर्वेच्या चरांसाठी ऑफिसात दोनदा अर्ज दिला. नवे साहेब आले नाहीत, तोवर कोणी निर्णय घेत नाही, असं उत्तर मिळालं. परत पाऊस सांगितला होता, आणि त्या बाजूला तर चार घरं आहेत. मग मी ठोंबरे मॅडमना फोन केला. त्या मला ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी विचारलं, खाली माणसं आहेत का? घरं रिकामी करा म्हणाल्या, आणि रविवारी स्वतः आल्या. त्यांच्या सांगण्यावरून आधी चरांची टोकं कडेला फोडली आणि उभं पाणी पाइपातून बाहेर काढलं. मग वरून खाली एकेक चर मुरमानं भरून दाबला, वर ताडपत्री. उताराच्या खाली त्यांनी कोणालाही उभं राहू दिलं नाही. निलंबित बाईनं डेपोवर जाऊ नये, असा ऑफिसातून निरोप आला होता. मी गेले.

सफाई कामगार सुट्टी असून आले. राखीही आली. मी तिला बोलावलं नव्हतं, माझी हिंमत झाली नव्हती. दिवसभर ती माझ्यापासून लांबच्या टोकाला काम करत होती. एकदा पाण्याची बाटली पुढं केली, तर तिनं मान हलवून नको म्हटलं आणि मुरमाचं घमेलं उचललं. शेवटच्या चराशी आम्ही दोघीच उरलो. बराच वेळ भरल्यावर तिनं फावडं टेकवलं.

"ताई, तुमाले आदीच मालूम व्हतं?"

मी हो म्हटलं.

"अन् बुडीले, माह्या सासूले?"

"तिला मी सांगितलं नाही."

ती माझ्याकडं पाहत राहिली. मला वाटलं, आता फावडं टाकून जाईल, नाहीतर हात उगारेल. दोन्ही केलं नाही. खाली वाकली आणि मुरूम ओढायला लागली. मीही लागले.  अंधारायच्या आत संपलं. ती हातपाय न धुता निघून गेली, बहिणीकडं राहते आता, धनज गावाकडं. माझ्याशी ती पुन्हा बोलेल असं मला वाटत नाही, आणि बोलावं असा माझा हक्कही नाही.

त्या रात्री पाऊस झाला. पूर्वेचा उतार जागेवर राहिला.

आता पत्र लिहिणार नाही मामा. येत्या रविवारी बसनं येते. संघदीपला स्टँडवर पाठवू नका, मी चालत येईन. मला पाहून उठून बसायचा खटाटोप करू नका. मी खाटेशी बसेन, मोठ्यानं बोलेन, तुम्हाला ऐकू येईपर्यंत.

रत्नमाला